हमी, शर्त आणि देखरेख : पळसदरीच्या घाटमार्गावरून दिसणारा सार्वजनिक वाहतूक-साहाय्याचा इतिहास

सरकारने वाहतुकीसाठी पैसा द्यावा आणि त्या पैशाबरोबर काही शर्ती घालाव्यात, ही व्यवस्था आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. अनुदान घेणाऱ्या संस्थेने कोणते नियम पाळावयाचे, हिशेब कोणास दाखवावयाचा, अपघात घडल्यास जबाबदारी कोणाची, हे प्रश्न आपण प्रशासनाचे मानतो आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांत पडू नये अशी एक समजूत करून घेतो. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या व्यवस्थेचा पहिला मोठा प्रयोग कर्जत-खालापूरच्या परिसरात, भोरघाटाच्या पायथ्याशी झाला आणि त्या प्रयोगात जे दोष दिसून आले ते पुढील दीड शतकात निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा पुढे आले.

प्रारंभी स्थळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पळसदरी हे आज कर्जत-खोपोली या उपनगरी फाट्यावरील कर्जतनंतरचे पहिले स्थानक होय. जवळच रेल्वेने बांधलेला तलाव आहे. पावसाळ्यात सहलीला येणाऱ्या मंडळींना पळसदरी ठाऊक असते ती बहुधा त्या तलावामुळे. परंतु १८५६ साली हे नाव ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘जीआयपी’च्या, नकाशावर फार महत्त्वाचे होते. मुंबई-ठाणे मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला, पुढल्या वर्षी तो कल्याणला पोहोचला आणि १८५६ मध्ये पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आला. पुढे सह्याद्री उभा होता. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत पळसदरीचे नाव ज्या अक्षरांनी लिहिले आहे ते देवनागरीत उतरवावयाचे झाल्यास ‘पडुसधरी’ असे काहीसे होईल. ‘ळ’ हा वर्ण इंग्रज लेखनिकाच्या कानास ‘ड’सारखा लागला, हे ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने स्वाभाविकच आहे. मूर्धन्य पार्श्विक ध्वनी ज्या भाषेत नाही तिच्या बोलणाऱ्यास तो जवळच्या मूर्धन्य स्पर्शात ऐकू येतो. खोपोलीचे त्यांनी ‘कँपूली’ केले. विषयांतर झाले खरे, पण जुन्या कागदांत ही गावे शोधणाऱ्या विद्यार्थ्यास ते उपयोगी पडेल. नाहीतर पळसदरीची कागदपत्रे हाती असूनही ती पळसदरीचीच आहेत हे त्याच्या ध्यानात यावयाचे नाही.

जीआयपी कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामधील करार १७ ऑगस्ट १८४९ रोजी झाला. भांडवल ५ लक्ष पौंडांचे, मार्ग मुंबईपासून कल्याणच्या आसपासपर्यंतचा, तोही प्रायोगिक. या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीने घेतली. जमीन फुकट दिली. ९९ वर्षांच्या मुदतीने मार्ग रेल्वे कंपनीच्या ताब्यात राहावयाचा होता, आणि पंचवीस किंवा पन्नास वर्षांनी तो विकत घेण्याचा हक्क सरकारने राखून ठेवला होता. उलट, धंदा परवडत नाही असे वाटल्यास पूर्वसूचना देऊन सारा मार्ग सरकारच्या गळ्यात घालण्याची आणि घातलेले भांडवल परत मागण्याची मुभा कंपनीलाही होती. मिळकत ५ टक्क्यांहून अधिक झाली तर वरच्या रकमेतील निम्मा वाटा आधी दिलेल्या व्याजाच्या फेडीकडे जावयाचा होता. या साऱ्याच्या मोबदल्यात कंपनीने काय कबूल केले, तर सरकारी देखरेख. मार्गाची आखणी, बांधकामाचे नकाशे, गाड्यांच्या वेळा आणि भाडे यांना सरकारची संमती लागे. संचालक मंडळावर एक सरकारी संचालक बसे व त्यास नकाराधिकार असे. टपाल फुकट न्यावयाचे आणि सैन्य सवलतीच्या दराने.

येथे ‘हमी’ या शब्दाकडे क्षणभर पाहणे अवश्य आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ रक्षणकर्ता, पाठीराखा असा. मराठीत ‘हमी घेणे’, ‘हामी भरणे’ या प्रयोगांत दुसऱ्याचे ओझे आपल्या शिरावर घेण्याचा भाव आहे. ‘शर्त’ हाही अरबीच, पण त्याची मराठीत दोन अपत्ये झाली. एक कायद्यातील अट आणि दुसरी ‘शर्यत’, म्हणजे पैज वा धावण्याची चढाओढ. ‘अनुदान’ हा या तिहींत सर्वांत तरुण शब्द. शिक्षणखात्याच्या ‘ग्रँट-इन-एड’साठी तो रूढ झाला आणि ती पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्याने आली. शाळेने सरकारी तपासणी मान्य करावी आणि मगच पैसा मिळावा, असे तिचे स्वरूप होते. म्हणजे हिंदुस्थानात एकाच दशकात सरकारने दोन प्रकारे पैसा दिला. शाळेस तो कामाची पाहणी झाल्यानंतर मिळे. रेल्वेस मात्र हमी आरंभीच मिळाली आणि पाहणी नंतर. या क्रमभेदाचे परिणाम पुढे फार दूरवर गेले, असे माझे मत आहे.

भोरघाटाचे काम जीआयपीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याच्या आखणीप्रमाणे १८५५ मध्ये फॅव्हिएल या कंत्राटदारास देण्यात आले. पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट आणि लोणावळ्याचा माथा २०२७ फूट, म्हणजे १८३१ फुटांची चढण सुमारे १६ मैलांच्या अंतरात चढावयाची होती. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट. २५ बोगदे, ८ मोठे कमानीपूल, आणि वाटेत डोंगराच्या कड्यावर एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’, जेथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकास जोडून उलट दिशेने पुढे न्यावयाची. घाटाचे काम पुरे होईतो मार्ग तुटकच राहिला. खालून गाडी खोपोलीस येई. वरची बाजू, खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत, १८५८ मध्ये सुरू झाली. मधला टप्पा उतारू पालखीतून, तट्टावरून किंवा १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर माल्कम याने खुल्या केलेल्या गाडीरस्त्याने काढीत.

१८५९ साली मजुरीच्या थकबाकीवरून घाटात मोठा दंगा झाला. फॅव्हिएलने कंत्राट सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, पण तो येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्या नावावर घेऊन दोन अनुभवी अभियंत्यांच्या मदतीने ते पुरे केले. १८६१ च्या आरंभी घाटात ४२ हजारांवर मजूर खपत होते. त्यांच्यात पटकीने व अपघातांनी किती दगावले यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ती संख्या फार मोठी होती, याविषयी मतभेद नाहीत. दंग्याचा एक परिणाम मात्र निश्चित नोंदवता येतो. १८६० चा नववा अधिनियम, मालक व कामगार यांच्या तंट्यांविषयीचा, याच प्रसंगातून उद्भवला. सरकारने शर्तींची जी यंत्रणा उभारली होती तिचा विषय भांडवलदार आणि त्यांचे व्याज हा होता. घाटातील मजूर त्या यंत्रणेत कोठेच बसत नव्हता. त्याच्यासाठी कायदा करावा लागला, आणि तोही दंगा झाल्यावर.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. बर्कली ते पाहावयास राहिला नव्हता. १८६२ मध्येच तो इंग्लंडमध्ये मरण पावला होता. खर्च सुमारे ११ लक्ष पौंड.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. १९ जुलै १८६७ रोजी घाटातील ‘महूकी मळी’ नावाचा कमानीपूल कोसळला. मार्ग सुरू होऊन जेमतेम चार वर्षे लोटली होती. दर्शनी भागात घडीव दगड, आत भर डबराची आणि चुना निकृष्ट, असे जीआयपीच्या अनेक बांधकामांचे वैगुण्य या सुमारास उघड झाले. पुलांची सार्वत्रिक तपासणी करावी लागली आणि कित्येक ठिकाणी पुन्हा बांधावे लागले. दीड वर्षातच, जानेवारी १८६९ मध्ये, घाट उतरणारी एक टपालगाडी ब्रेकांना दाद न देता रिव्हर्सिंग स्टेशनाच्या टोकापलीकडे निघून गेली व जीवितहानी झाली.

हमीच्या पद्धतीवर सर्वसाधारण आक्षेप असा घेतला जातो की तिने उधळपट्टीला उत्तेजन दिले. भांडवल कितीही लागले तरी ५ टक्के मिळणारच, मग काटकसर कोण करणार? हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. उधळपट्टी एवढाच दोष असता तर निदान पूल भक्कम व्हावयास हवे होते. जो मार्ग मैलास सुमारे ७० हजार पौंड खाऊन बसला त्यावरील पूल चार वर्षांत पडतो, हे कोडे केवळ उधळपट्टीने सुटत नाही. त्याचे उत्तर, मला वाटते, शर्तींच्या प्रवासात आहे. सरकारची शर्त कंपनीवर होती. कंपनीने काम ठरावीक रकमेत कंत्राटदाराकडे सोपवले. कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराकडे, त्याने मुकादमाकडे, मुकादमाने गवंड्याकडे. वरच्या पायरीवर खर्च वाढल्याने कोणाचे नुकसान होत नव्हते. खालच्या पायऱ्यांवर मात्र प्रत्येकाची मिळकत खर्च कमी करण्यावर अवलंबून होती. चुन्यात वाळू किती घालावयाची हे जेथे ठरत होते तेथपर्यंत सरकारची शर्त पोहोचलीच नाही. पोहोचली ती मंजुरीच्या कागदावर.

सरकारी सल्लागार अभियंता हा या शर्तींचा डोळा होता. प्रत्येक नकाशा, प्रत्येक खर्च त्याच्या संमतीने व्हावयाचा. या दुहेरी देखरेखीविषयी कंपन्यांच्या बाजूने सतत तक्रार असे की तिने कामे रेंगाळतात, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. परंतु माझ्या दृष्टीने त्याहून गंभीर गोष्ट ही की संमतीने जबाबदारीची वाटणी झाली. नकाशा सरकारने पाहिला आहे, असे कंपनी म्हणू शकत होती. काम कंपनीचे आहे, असे सरकार म्हणू शकत होते.

हिशेबाची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. पडलेला पूल पुन्हा बांधण्याचा खर्च भांडवलात धरला तर त्यावर ५ टक्के व्याजाची हमी लागू व्हावयाची. चालू खर्चात धरला तर निव्वळ मिळकत तेवढी घटावयाची. आणि ज्या वर्षी मिळकत ५ टक्क्यांच्या खाली असेल त्या वर्षी ती तूट तिजोरीनेच भरून काढावयाची. म्हणजे कोणत्याही खात्यात टाका, कमकुवत बांधकामाचे मोल अखेर हिंदुस्थानच्या करदात्याने दिले. मिळकत हमीच्या वर असेल तेव्हाच भागधारकाला झळ लागण्याचा संभव होता. सुरक्षिततेत कसूर झाली तर साहाय्य घेणाऱ्याचे काहीतरी जावे, हे तत्त्व या करारातून जवळजवळ गळालेच होते. शर्त होती, पण शर्तभंगाला किंमत नव्हती.

मग घाट सुरक्षित झाला तो कशाने? कराराने नव्हे, रोजच्या शिस्तीने. उतरत्या मार्गावर ठिकठिकाणी चढाच्या दिशेने जाणारे आडमार्ग काढण्यात आले. त्यांना रेल्वेतील माणसे ‘कॅच साइडिंग’ म्हणतात. सांधा नेहमी आडमार्गाकडे लावलेला असावयाचा. गाडी आपल्या ताब्यात आहे हे चालकाने थांबून सिद्ध केले की मगच सांधेवाल्याने मुख्य मार्ग द्यावयाचा. सुटलेली गाडी आपोआप आडमार्गावर चढते आणि तिचा वेग चढावर मरतो. या नियमाचे वैशिष्ट्य असे की तो अविश्वासापासून सुरू होतो. प्रत्येक गाडी सुटलेली आहे असे धरून चालावयाचे आणि नसल्याचा पुरावा मागावयाचा. हमीच्या करारात नेमके याच्या उलट होते.

कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगतो. १८५४ चा अठरावा अधिनियम हा रेल्वेविषयीचा पहिला कायदा. मग १८७९ चा आणि १८९० चा. शेवटच्या कायद्याने सरकारी निरीक्षकाने तपासल्यावाचून मार्ग उतारूंसाठी खुला करता येणार नाही, असे ठरवले. जीआयपी १९०० मध्ये सरकारने विकत घेतली. किंमत १९४८ पर्यंत चालणाऱ्या वार्षिकीच्या रूपाने द्यावयाची होती, म्हणजे १८४९ च्या ९९ वर्षांच्या मुदतीची छाया स्वातंत्र्यानंतरच्या वर्षापर्यंत पोहोचली. कारभार मात्र कंपनीकडे आणखी पंचवीस वर्षे राहिला व १ जुलै १९२५ रोजी सरकारने तो हाती घेतला. १९२९ मध्ये घाटाची नवी आखणी व विद्युतीकरण होऊन रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झाले. आता पैसा देणारा, गाडी चालवणारा आणि तपासणारा हे तिन्ही एकच झाले होते. तपासनीस ज्याला तपासावयाचे त्याच्याच हाताखाली असू नये, हा विचार १९३९ च्या सुमारास केंद्रीय विधिमंडळात मान्य झाला आणि मे १९४१ मध्ये रेल्वे निरीक्षकांना रेल्वे बोर्डाकडून काढून टपाल व हवाई खात्याखाली ठेवण्यात आले. आजचा रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमानवाहतूक मंत्रालयाकडे का, असे पुष्कळ जण कुतूहलाने विचारतात. त्याचे मूळ येथे आहे.

याच काळात रस्त्यांसाठी सशर्त अनुदानाची दुसरी परंपरा सुरू झाली, आणि तिच्या आरंभी एक मराठी नाव आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर होते. समितीचा अहवाल १९२८ मध्ये आला. पेट्रोलवर जादा कर बसवून त्याचे उत्पन्न रस्त्यांसाठी वेगळे ठेवावे, ही तिची शिफारस स्वीकारली जाऊन १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. रस्ते हा प्रांतांचा विषय. केंद्राला तेथे हुकूम करता येत नव्हता, पैसा मात्र देता येत होता. ज्याला हुकुमाचा अधिकार नाही तो शर्तीचा आश्रय करतो, हे संघराज्यांच्या इतिहासात वारंवार दिसते. पुढे १९३७ च्या सुधारित ठरावात या निधीला एक कलम जोडण्यात आले. मोटार वाहनांच्या नियमनाविषयी केंद्राने सुचवलेले उपाय एखाद्या प्रांताने योजले नाहीत, किंवा निधीचा विनियोग सबळ कारणावाचून लांबवला, तर त्याचा वाटा परत घेण्याचा अधिकार केंद्राने राखून ठेवला. रेल्वे आणि मोटार यांच्यातील स्पर्धेचा संदर्भ या कलमामागे होता हे खरे. केवळ उतारूंच्या जिवाची काळजी म्हणून ते आले नाही. तरीही रस्त्याचा पैसा आणि वाहनांचे नियमन यांची सांगड तेथे घातली गेली. १९३९ चा मोटार वाहन अधिनियम दोनच वर्षांनी आला.

अमेरिकेतील प्रसिद्ध उदाहरण याच्या जवळजवळ तीस वर्षांनंतरचे आहे. १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्याने राज्यांना सुरक्षा कार्यक्रमांसाठी अनुदान दिले आणि कार्यक्रम न आखणाऱ्या राज्याच्या महामार्ग-साहाय्यात दहा टक्के कपात करण्याची तरतूद ठेवली. मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचे करावे, हीही त्यातील एक शर्त. १९७६ मध्ये काँग्रेसने त्या शर्तीमागचा दंड काढून घेतला आणि अनेक राज्यांनी शिरस्त्राणाचे कायदे मागे घेतले. शर्त असेतो कायदा, शर्त गेली की कायदा गेला. पुढे १९८४ मध्ये मद्यखरेदीच्या किमान वयाची, २१ वर्षांची, शर्त महामार्गाच्या पैशास जोडण्यात आली. दक्षिण डाकोटा राज्याने ती न्यायालयात आव्हानित केली. १९८७ च्या निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने शर्त वैध ठरवताना काही कसोट्या सांगितल्या : शर्त निःसंदिग्ध असावी, पैशाच्या उद्देशाशी तिचा संबंध असावा आणि तिचे रूप जुलमाचे असू नये. १८४९ चा करार यांपैकी पहिल्या दोन कसोट्यांवर सहज उतरेल. तिसऱ्या कसोटीचा तर तेथे प्रश्नच नाही. उलट दडपण आलेच तर ते देणाऱ्यावर, घेणाऱ्यावर नव्हे.

घाटातील रस्त्याची कथाही याच प्रश्नापाशी येते. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो व खोपोलीवरून घाट चढतो. माल्कमच्या काळचा, १८३० चा कमानीपूल, जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाणारा, या नव्या मार्गाच्या मध्येच खांब रोवून उभा होता. तेथे वाहतूक तुंबे व अपघात होत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असता तो पाडण्यात आला. इतिहासप्रेमींना हळहळ वाटली, ती योग्यच होती. पण नव्या मार्गाच्या आखणीच्या वेळीच त्या खांबांचा विचार का झाला नाही, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न त्या हळहळीत मागे पडला.

२०१९ मध्ये मोटार वाहन अधिनियमात व्यापक दुरुस्ती झाली. रस्त्याचे आरेखन, बांधकाम व देखभाल यांत ठरवून दिलेली सुरक्षा मानके न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित अधिकारी, कंत्राटदार, सल्लागार किंवा सवलतदार यांस एक लक्ष रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद तीत आहे. महूकी मळीच्या संदर्भात हे कलम वाचण्यासारखे आहे, कारण १८४९ मध्ये जी साखळी सुटली होती तिच्या मधल्या कड्या येथे प्रथमच नाव घेऊन मोजल्या आहेत. दंडाची रक्कम रस्त्याच्या खर्चाच्या मानाने किती अल्प आहे, हे निराळे सांगावयास नको. २०२२ मध्ये जागतिक बँकेने काही भारतीय राज्यांतील रस्ते-सुरक्षेसाठी २५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, त्यात पैशाची सांगड ठरवलेल्या निष्पत्तीशी घातलेली आहे. येथे क्रम पुन्हा वुडच्या शाळांसारखा झाला : आधी काम, मग पैसा.

या विषयाचे मूळ साहित्य मुंबईच्या राज्य अभिलेखागारातील सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेल्वेविषयक दप्तरांत आहे. सल्लागार अभियंत्याने एखाद्या पुलाचा नकाशा मंजूर करताना काय विचारले आणि कंपनीने काय उत्तर दिले, हे पत्रव्यवहार क्रमाने लावून पाहावयास हवे. १८६७ पूर्वीच्या पत्रांत चुन्याचा उल्लेख किती वेळा येतो, एवढा एकच प्रश्न घेऊन एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने दोन वर्षे तेथे बसावे, असे हे काम आहे. त्याने ‘पडुसधरी’पासून सुरुवात करावी.